याश्मूलच्या माथ्यावरची लाल छत्री

विल्बर्त काउइचनं दॉन एलिगिओ त्सुकला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा साक्षात देव आहे अशी त्याची खात्री पटली, आणि त्या खात्रीपायी एक खुराडं जमीनदोस्त झालं.

विल्बर्त तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. नोकरी नवी, गाडी नवी आणि मिशी त्याहून नवी. मेरिदा शहराहून अकरा प्रवासी घेऊन तो याश्मूलच्या वळणावर आला, तर झाडीच्या वर माया लोकांच्या जुन्या पिरॅमिडचा माथा दिसला आणि माथ्यावर कुणीतरी उभं. मागे सूर्य. पुढं आयुष्यभर विल्बर्त शपथेवर सांगत असे की ती आकृती तीस हात उंच होती, डोक्याभोवती ताटाएवढं तेजोवलय होतं आणि हातातलं लालभडक अस्त्र ती एकदा आडवं, एकदा उभं असं आकाशावर परजत होती. चाक नावाचा पावसाचा देव कुऱ्हाड घेऊन ढग फोडतो असं त्याच्या आजीनं सांगितलंच होतं, फक्त तो कामाच्या वेळेत भेटेल असं सांगितलं नव्हतं. विल्बर्तनं स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस काढला. त्याला एक हात पुरतो, पण त्यानं दोन्ही वापरले. गाडी रस्ता सोडून खाली उतरली, एका केळीची विचारपूस करून पुढं गेली आणि खुराड्यात शिरली.

चुलीपाशी असलेली एक रुंद बाई हातातली तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, थापत थापतच बाहेर आली.

"मेली का?" तिनं विचारलं.

"नाही, मी ठीक आहे बाई."

"तुला कोण विचारतंय? पिवळी कोंबडी मेली का?"

या दोन्या लांदी, म्हणजे लांदीबाई. कोंबडी गाडीच्या टपावर बसलेली निघाली. अकरा प्रवाशांनी तिचे फोटो काढले. सहलीत हेही असतंच असं त्यांना वाटलं.

देव खाली यायला वेळ लागला, कारण देवाचा डावा गुडघा दुखत होता. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्याची उंची पाच फुटांवर आली, आणि त्यातले आठ इंच टोपीचे होते. तेजोवलय म्हणजे तीच टोपी, ताडाच्या पानांची. अस्त्र म्हणजे औषध कंपनीकडून फुकट मिळालेली लाल छत्री. तिच्यावर जुलाबाच्या गोळ्यांचं नाव छापलेलं. गळ्यात गाईडचं सरकारी ओळखपत्र, आणि त्यातल्या फोटोत डोक्यावर केस होते.

त्यानं गाडी पाहिली, खुराडं पाहिलं, विल्बर्तची मिशी जरा जास्त वेळ पाहिली.

"मेरिदाकडे हल्ली ब्रेक छातीवर बसवतात वाटतं," तो म्हणाला.

तेव्हापासून विल्बर्त त्याला मास्तर म्हणू लागला, आणि आठवड्यातून पाच दिवस, नऊ वर्षं, त्याच्याकडे माणसं नेत राहिला.

छत्रीचं गुपित त्याला तिसऱ्या खेपेला कळलं. त्याचं असं होतं. दहाला गाडी यायची. एलिगिओ मंडळींना ताब्यात घ्यायचा, खालचे चौक फिरवायचा, मग बाहत्तर पायऱ्या चढवून माथ्यावर न्यायचा, आणि उतरल्यावर सगळे त्याची बायको लांदी हिच्या अंगणात पामच्या छपराखाली जेवायचे. जेवणाला कंपनीनं चाळीस मिनिटं दिली होती, कारण पुढं कुंडात पोहणं होतं. आता जेवण म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेलं डुकराचं मांस, निखाऱ्यावर भाजलेलं. हे मांस आधी भाजून ठेवलं तर त्याची चप्पल होते. नंतर टाकलं तर पाहुणे घड्याळाकडे बघतात. माथ्यावरून उतरून अंगणात यायला पंचवीस मिनिटं लागत, आणि मांसालाही पंचवीसच. म्हणजे माणसं माथ्यावर असताना लांदीला आकडा कळायला हवा. मेरिदात गाडीत किती बसले याला अर्थ नव्हता. कुणी स्वतःचा डबा आणलेला असे, कुणाचं पोट आदल्या दिवशीच्या मिरचीनं बंद पाडलेलं असे. आणि त्या काळी गावात टेलिफोन एकच, दुकानात, कुलपात.

एलिगिओनं तोडगा पूर्वजांकडून उचलला होता. खालच्या चौकात एक आकडे कोरलेली शिळा आहे. तिथं तो रोज वीस मिनिटं घसा फोडून सांगायचा, "हा ठिपका म्हणजे एक. ही आडवी रेघ म्हणजे पाच. दोन रेघा आणि एक ठिपका, किती झाले?" मंडळी बोटं मोजून अकरा म्हणायची आणि स्वतःवर खूश व्हायची. अर्ध्या तासानं माथ्यावर, त्याच मंडळींसमोर, तो गावाकडे तोंड करून छत्री डोक्यावर आडवी धरायचा: पाच. पुन्हा आडवी: दहा. मग उभी: अकरा. मांस न खाणारा कुणी असेल तर माणशी एकदा टोपी काढायची. खाली अंगणात लांदी कपाळावर हात धरून बघायची आणि मोजून मांस टाकायची. विल्बर्तनं पहिल्या दिवशी पाहिलं ते आधीच्या गाडीतल्या सहा जणांचं जेवण होतं. वीस वर्षांत एकाही प्रवाशाला शिळेचा आणि छत्रीचा संबंध लागला नाही.

हे काय करता, असं पहिल्यांदा एका इटालियन बाईंनी विचारलं. इतक्या उंचावर, इतक्या वाऱ्यात, डुकराचं नाव घ्यावंसं एलिगिओला वाटेना. "सूर्याला नमस्कार," तो म्हणाला. "आमच्या आज्यापणज्यापासून चालत आलेला." बाईंचा चेहरा असा उजळला की पुढं त्यानं उत्तर बदललंच नाही.

बाकी त्याची सहल ठरलेली होती. नवव्या पायरीवर एक विनोद, तिसाव्या पायरीवर दुसरा. "पायऱ्या इतक्या अरुंद का? आमच्या लोकांचे पाय लहान. तुमचे लोक आले तेव्हा त्यांचे बूट मावेनात, म्हणून तर जिंकायला इतकी वर्षं लागली." चाळिसाव्या पायरीवर विनोद नसे, कारण तिथं कुणालाच हसायला दम उरलेला नसे. एक गोष्ट मात्र तो सहलीत कधी सांगत नसे. सगळ्यांत खालच्या पायरीच्या कोपऱ्यात तो रोज सकाळी तुंब्याच्या कवटीत मक्याचं पाणी ठेवायचा. ते अलूशांसाठी. अलूश म्हणजे अवशेषांची राखण करणारे गुडघ्याएवढे लोक. त्यांना विचारल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नसतं. ती त्याची आणि त्यांची आपसातली बाब होती. तिकीट काढून आलेल्यांना त्यात घ्यायचं कारण नव्हतं.

घोटाळा एकदाच झाला. चौदा जर्मन होते, सगळे शिस्तीचे. त्यांच्यात एक मांस न खाणारा निघाला, म्हणून नमस्काराच्या शेवटी एलिगिओनं टोपी काढली. जर्मनांना वाटलं आता टोप्या काढायच्या असतात. चौदा टोप्या एकदम निघाल्या. खाली आले तर टेबलावर भोपळ्याच्या बियांच्या वाटणात बुडवलेल्या अंड्याच्या पंधरा थाळ्या, पंधरावी विल्बर्तची.

"मांस कुठंय?" एलिगिओनं विचारलं.

"मला काय विचारतोस, म्हाताऱ्या? सगळा डोंगर टोप्या काढत होता. मला वाटलं मठातली माणसं आणलीस."

"एकच होता गं."

"मग बाकीच्यांना हात खाली ठेवायला सांग. मी काय चेहरे ओळखू इथून?"

त्या दिवसापासून वर गेल्यावर एलिगिओ आधी बजावायचा की नमस्काराच्या वेळी पाहुण्यांनी दगडासारखं उभं राहायचं. यानं नमस्काराचं वजन आणखीच वाढलं.

तर असं चाललं होतं, आणि मग पायऱ्या बंद होणार अशी बातमी आली. दुसऱ्या कुठल्या तरी अवशेषांवर एक माणूस फोटो काढताना मागे मागे गेला होता आणि मागे पिरॅमिड संपला होता. तेव्हापासून पुरातत्त्व कार्यालयवाले एकेका जागेची तपासणी करून दोर बांधत सुटले होते. याश्मूलचा नंबर लागला.

विल्बर्तची कंपनी स्वच्छ बोलली. माथा बंद झाला तर सहल अर्ध्या तासात आटोपणार, मग याश्मूलला जेवण कशाला? नऊ किलोमीटरवर तिठ्याशी मोठं उपाहारगृह झालं होतं, तीनशे खुर्च्या, पंखे, हवं ते आपलं आपण वाढून घ्या. लांदीनं त्याच वर्षी नवीन छप्पर घातलं होतं आणि चुलीशी दोन भाच्या कामाला ठेवल्या होत्या.

"माथा गेला की माझं अंगण गेलं," ती म्हणाली. "तू काय, तू खाली उभा राहूनही बडबडशील."

दुसऱ्या दिवशी एलिगिओनं कवटीत मक्याच्या पाण्याबरोबर थोडा मधही घातला.

तपासणीला राजधानीहून डॉक्टर एर्मिनिया सालदीवार आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत. माया लोकांचे आकडे या विषयात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पांढरे केस, खांद्याला मोठी पिशवी, पायात मजबूत बूट. सरकारी गाडी नाकारून त्या विल्बर्तच्या गाडीत अकरा प्रवाशांबरोबर बसल्या. सामान्य प्रवासी काय अनुभवतो ते पाहायचंय म्हणाल्या. विल्बर्तनं खड्डे चुकवत गाडी अशी चालवली की दोन प्रवाशांना झोप लागली.

सुरुवातच वाईट झाली. पहिल्या पायरीशी डॉक्टरांना तुंब्याची कवटी दिसली. "लोक कुठंही कचरा टाकतात," असं म्हणून त्यांनी आतलं पाणी ओतून दिलं आणि कवटी पिशवीत भरली. एलिगिओच्या चेहऱ्याचा रंग उडाला. विल्बर्त गाडी सोडून कधी वर चढत नसे, पण त्या दिवशी तो मागोमाग निघाला; मास्तर पडले तर खालून धरायला कुणी हवं, असं त्याला वाटलं.

शिळेपाशी डॉक्टर स्वतःच आकडे समजावू लागल्या. एलिगिओ हात बांधून ऐकत होता. "खूप छान सांगता, डॉक्टर," तो म्हणाला. "रोज येत जा, माझा घसा बसलाय." त्या हसल्या. पायऱ्यांवर त्यांनी ठिकठिकाणी हातोडीनं टकटक केली, फटी मोजल्या, आणि साठाव्या पायरीवर बसून म्हणाल्या, "बांधकाम उत्तम आहे. काही होत नाही याला."

एलिगिओनं वळून विल्बर्तकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता.

माथ्यावर वारा होता. खाली अंगण पोस्टाच्या तिकिटाएवढं, त्यात लांदी एक ठिपका. एलिगिओनं हळूच चौकशी केली. आज सगळेच जेवणार होते. डॉक्टर धरून बारा प्रवासी आणि विल्बर्त मिळून तेरा. डॉक्टर मांस खात नव्हत्या. मग त्यानं सवयीनं सगळ्यांना दगडासारखं उभं राहायला सांगितलं आणि छत्री उचलली. आडवी. आडवी. उभी, उभी, उभी. मग टोपी काढली, क्षणभर छातीशी धरली, कारण वारा होता, आणि पुन्हा घातली.

डॉक्टर जागच्या हलल्या नाहीत.

"हे काय केलंत?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

विल्बर्तनं मनातल्या मनात सांगून पाहिलं: सांगा, मास्तर. पण वीस वर्षं घोटून घोटून एक उत्तर जिभेवर बसलं की माणसाला दुसरं सुचत नाही.

"सूर्याला नमस्कार," एलिगिओ म्हणाला. "आमच्या आज्यापणज्यापासून."

"दोन पट्ट्या, तीन ठिपके," डॉक्टर पुटपुटल्या. "तेरा. माया लोकांचे तेरा स्वर्ग." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मग डोळेही पुसले. आयुष्य दगडातल्या आकड्यांत गेलं होतं. आज पहिल्यांदा आकडा जिवंत माणसाच्या हातात पाहिला असं त्या म्हणाल्या. मग वही काढून त्यांनी त्याला पुन्हा करून दाखवायला सांगितलं.

"पुन्हा नाही करत," एलिगिओ घाईनं म्हणाला. पुन्हा केलं असतं तर खाली सव्वीस थाळ्या झाल्या असत्या.

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि तेही लिहून घेतलं.

अंगणात तेरा ताटं तयार होती. बारांत मांस, एकात अंडी. डॉक्टरांनी आपल्या ताटाकडे पाहिलं.

"मी मांस खात नाही हे इथं खाली यांना कसं कळलं?"

लांदीला स्पॅनिश कळायचं, पण पाहुण्यांसमोर ती माया भाषेतच बोलायची. ती म्हणाली, "यानं टोपी काढली ना वर. मला काय स्वप्न पडतं?"

विल्बर्तच्या घशात तोर्तिया अडकली.

"ती म्हणतेय," एलिगिओनं भाषांतर केलं, "आलेल्या पाहुण्याच्या मनातलं घराला कळतं."

डॉक्टरांनी वही पुन्हा उघडली.

गाडी निघाली तेव्हा लांदी म्हणाली, "काय झालं? बांधणार का दोर?"

"दगड पक्के आहेत म्हणाली."

"मग तू असा का दिसतोस?"

"माझी कवटी नेली तिनं," एलिगिओ म्हणाला.

अहवाल तीन महिन्यांनी आला. विल्बर्तनं तो अंगणात मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्या पानावर लिहिलं होतं की पायऱ्या भक्कम आहेत, आणखी शंभर वर्षं लोक चढले तरी बिघडणार नाही. लांदीनं भाचीच्या पाठीत आनंदानं धपाटा घातला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की माथ्यावर एक प्राचीन सूर्यविधी आजही जिवंत आहे, बहुधा देशातला अखेरचा. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अशा पवित्र जागी प्रवाशांचे पाय लागू नयेत, म्हणून पायऱ्या बंद करण्यात येत आहेत. वर जायची परवानगी फक्त विधिकर्ते श्रीमान एलिगिओ त्सुक यांना, वर्षातून चार दिवस, सूर्याच्या हिशेबानं.

पिवळी कोंबडी, जी अजून होती, टेबलाखालून फिरत होती.

"चार दिवस," लांदी म्हणाली. "सूर्याला विचार, जेवायला किती येतील."

"मास्तर," विल्बर्त म्हणाला, "जाऊन सांगून टाका. जेवण होतं म्हणावं. काय होईल?"

"ओळखपत्र जाईल. वीस वर्षं खोटं सांगितलं म्हणून."

"मग ओळखपत्र ठेवून करणार काय? दोराशी उभं राहणार?"

हे एलिगिओला पटलं. रविवारचा पांढरा शर्ट इस्त्री झाला. मेरिदाच्या कार्यालयात डॉक्टर येणार होत्या त्या दिवशी विल्बर्तनं त्याला नेलं. वाटेत एलिगिओ सराव करत होता. "डॉक्टर, ते डुकराचं मांस होतं. नको, असं नको. डॉक्टर, सूर्य आपल्या जागी आहे, पण माझी बायको खाली असते." टिक्सकोकोब गावाशी त्यांनी गाडी थांबवून सरबत घेतलं, कारण एलिगिओचे ओठ सुकले होते.

विल्बर्त बाहेर गाडीत दोन तास बसला. एलिगिओ बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चौकटीत बसवलेला कागद होता.

"सांगितलंत?"

एलिगिओ गाडीत बसला. कागद मांडीवर उलटा ठेवला.

"सगळे उभे होते रे. टाळ्या वाजवत होते. साहेब, कारकून, झाडूवाली. मी तोंड उघडलं तर ती डॉक्टरीण म्हणाली, आधी एकदा यांना दाखवा. छत्री आणली कुणाची तरी, निळी."

"आणि तुम्ही केलंत?"

"केलं."

विल्बर्तनं गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. "किती?"

"नऊ. तेवढीच माणसं होती तिथं." मग तो म्हणाला, "टोपी नाही काढली. सगळे खाणारे दिसत होते."

"मग डॉक्टर काही म्हणाल्या नाहीत? तेराचे नऊ झाले."

"म्हणाली. नऊ पाताळं."

घरी लांदीनं कागद सुलटा केला, वाचला, आणि चुलीवरच्या खिळ्याला टांगला. धुरानं तो वर्षभरात तपकिरी झाला. तिनं नवऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, म्हणून विल्बर्त त्या दिवशी जेवायला न थांबता निघाला.

मार्चमध्ये दोर आला. सहल अर्ध्या तासाची झाली आणि विल्बर्त मंडळींना तिठ्यावर नेऊ लागला. पहिल्याच महिन्यात त्याला तिथं चुलीमागे दोन्या लांदी दिसल्या, डोक्याला जाळी बांधलेली. दोन्ही भाच्याही होत्या. "मांसाची चप्पल झालीय, घेऊ नकोस," लांदीनं त्याला हळूच सांगितलं. "सकाळी नवाला भाजून ठेवतात."

पुढं दोन वर्षं एलिगिओ ठरल्या चार दिवशी वर जात होता. खाली कार्यालयाचा माणूस नोंद करायला उभा असे. एका जूनमध्ये विल्बर्त मुद्दाम थांबला. एलिगिओनं छत्री एकदाच उभी धरली आणि खाली आला.

"एकच, मास्तर?"

"मीच होतो जेवायला," एलिगिओ म्हणाला. अंगणात कुणी नव्हतं. त्यानं घरी जाऊन स्वतःच अंडी केली, आणि विल्बर्तला अर्धी दिली. कवटी मात्र नवी होती, पहिल्या पायरीच्या कोपऱ्यात, दोराच्या अलीकडे.

तिसऱ्या वर्षी गावात मोबाइलचा मनोरा आला. एलिगिओचा गुडघा गेला आणि त्यानं चढणं सोडलं. कार्यालयानं मेरिदाहून एक पगारी माणूस नेमला. त्याला सरकारी छत्री आहे. तो दर खेपेला तेरा दाखवतो आणि टोपी काढतो, कारण अहवालात तसं लिहिलेलं आहे.